बंद मनाचा नकार

सांगलीत कॅन्सरने माणूस दगावल्याची बातमी छापून आली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती. त्यानंतर लोक इतर कारणांनी मरत आणि त्याबद्दल डॉक्टरांना शिव्या देत. गाठी मात्र सगळ्यांना होत्या. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या अंगात एखादी तरी गाठ निघाली नाही, तर शेजारीपाजारी संशयाने बघत, हा तपासणीलाच जात नसणार म्हणून. लग्नाच्या मांडवात बायका एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करत.

"तुमची अजून तिथंच ना हो?"

"तिथंच की. जातेय कुठं!"

आणि ते खरं होतं. गाठ कुठेच जात नव्हती. तिचे पाय बांधले होते. अठरावं वर्ष लागलं की प्रत्येकाला 'बांधबंदी' नावाचं इंजेक्शन टोचत आणि दर वर्षी ते ताजं करत. त्यानंतर शरीरात जिथं जे असेल तिथंच ते राही.

अडचण एवढीच, की जखमही राही. बोट कापलं तर ते कापलेलंच. त्यावर डिंकपट्टी लावायची आणि ती सुटली की दुसरी. त्यामुळे विळी घराघरातून गेली, भाजी चिरून येऊ लागली, आणि वस्तऱ्याने दाढी करणारा माणूस धाडसी समजला जाऊ लागला. ओवी सरदेसाई यांच्या डाव्या तर्जनीवर चार वर्षांपूर्वी एका जाड फाइलीच्या पुठ्ठ्याने पाडलेली चीर होती. त्या वकील होत्या. चीर त्यांनी साक्षीदारासारखी सांभाळली होती. जरा दाबली की पहिल्या दिवशीसारखीच बोलायची.

ओवीबाई जमिनीचे खटले चालवत. त्यातही बांधाचे. पक्षकार पुष्कळ आणि तडजोड शून्य, असा तो सुबत्तेचा काळ होता.

त्या सकाळी मात्र त्या कोर्टात न जाता बांधबंदी केंद्रात आल्या होत्या. नकार द्यायला. खरं तर नकार फोनवरही देता आला असता. पण सख्ख्या बहिणीला मरू देण्याची संधी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते, ती फोनवर वाया घालवायची नसते.

केंद्राचे प्रमुख डॉ. सन्मती उपाध्ये यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर आधीच निरंजन बसले होते. ते ओवीबाईंच्या थोरल्या बहिणीचे, शाल्मलीचे नवरे. एक तपानंतर मेहुणी समोर आल्यावर काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते उभे राहिले आणि म्हणाले, "प्रवास नीट झाला ना?"

"विश्रामबागेतून आले, भावोजी. रिक्षाने."

"हो, तेच."

डॉक्टरांनी परिस्थिती थोडक्यात सांगितली. शाल्मलीबाईंची गाठ यकृतात होती. पसरायची बंदी होती, वाढायची नव्हती. ती जागच्या जागी वाढत गेली आणि आता यकृत कमी आणि गाठ जास्त, असं झालं होतं. अख्खं यकृत काढून दुसरं बसवायला हवं. त्यासाठी जुळणाऱ्या माणसाच्या यकृताचा एक लहान तुकडा घ्यायचा, तो काचेच्या बरणीत वाढवायचा आणि पूर्ण झाला की आत बसवून डिंकाने पक्का करायचा. जुळणारं माणूस एकच निघालं होतं.

"माझा नकार आहे," ओवीबाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

"कारण विचारू?"

"मी घाटात अडकले होते. तीन वेळा फोन केला. तासभर थांबा म्हटलं. ताईनं ताट उचललं."

निरंजनांनी डोळे मिटले. डॉक्टर मात्र पुढे झुकून ऐकू लागले.

प्रकरण असं होतं. बारा वर्षांपूर्वी या दोघींच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. म्हाताऱ्या माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की त्याला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळतात. लेकींनी मिळून ओवाळायचं ठरलं होतं. पुण्याहून येताना ओवी अडकली, आणि शाल्मलीने एकटीने ओवाळून घेतलं. पुढच्याच वर्षी आई शाल्मलीकडेच वारली. ओवाळणीच्या दिवसापासून दोघींच्यात बोलणं नव्हतं, आणि आईच्या दुखण्यातही ओवीने तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

"आणि तुमच्या मिसेस काय म्हणतात?" डॉक्टरांनी निरंजनांना विचारलं.

निरंजनांनी डोळे न उघडताच पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, "'ती उशिरा आली. मुहूर्त टळत होता. दिव्यांतलं तूप संपत आलं होतं. आई ताटकळली होती, म्हणून मी ताट उचललं. आणि ही बया आल्या आल्या चारचौघांत म्हणते, ताईला आईपेक्षा फोटोग्राफरची घाई.'"

"रोज?"

"रोज. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"नसणारच," डॉक्टर समाधानाने म्हणाले. "हेच लक्षण."

"कसलं लक्षण?" ओवीबाईंनी विचारलं.

"तुम्ही बांधाच्या वकील ना? मग तुम्हाला लवकर कळेल. बांध कोरणं म्हणजे काय?"

"शेजारी दर वर्षी नांगरताना बांधाची एकेक रेघ आपल्या मातीत घेतो. दहा वर्षांनी बांध नाहीसा आणि तो आपल्या रानात."

"कॅन्सर नेमकं तेच करतो. शरीरातल्या पेशी काही मोकळ्या तरंगत नसतात. त्यांच्याभोवती प्रथिनांच्या धाग्यांची जाळी असते. ती जाळी म्हणजे बांध. गाठीनं माणूस सहसा मरत नाही. गाठीतली पेशी प्रथिनं कापणारी विकरं सोडते. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कात्री समजा. ती जाळी कोरते, पेशी फटीतून रक्तात उतरते आणि फुप्फुसात जाऊन बिऱ्हाड करते. माणूस मरतो तो त्यानं. आम्ही काय केलं? त्या कात्रीच्या पात्यात जस्ताचा एक अणू असतो, त्यावर तिची धार. तोच धरून ठेवला. कात्री बंद. कॅन्सर जागच्या जागी."

"हे शाळेत शिकवतात."

"शाळेत पुढचं शिकवत नाहीत. कात्री काही कॅन्सरची खाजगी मालमत्ता नव्हे. कॅन्सरनं ती शरीराकडूनच ढापलेली. जखम भरताना फाटकी जाळी आधी कापून काढावी लागते, मगच नवी विणता येते. म्हणून तुमचं बोट तसंच आहे."

"ते माहितेय."

"आणि मेंदूतल्या पेशींभोवतीही जाळी असते," डॉक्टर म्हणाले. "आठवण एकदा बसली की जाळी तिच्याभोवती आवळते. ती सैल करायला तिथंही थोडं कोरावं लागतं. राग निवतो, दुःख जुनं होतं, ते काही आपल्या थोरपणामुळे नव्हे. आत कुणीतरी बसून थोडं थोडं कोरत असतं म्हणून. बांधबंदी तिथंही पोचली. त्यामुळे राग जसाच्या तसा राहतो. शब्दासकट."

ओवीबाई हसल्या. कोर्टात समोरच्या वकिलाचा पुरावा कच्चा निघाला की त्या असंच हसत.

"आणि हे तुम्हाला औषध देशभर टोचून झाल्यावर कळलं?"

डॉक्टर जरा अवघडले. "चाचणीत भांडणं मोजली होती. औषध दिलेली माणसं आणि न दिलेली माणसं. पाच वर्षं. फरक आढळला नाही."

"का?"

"चाचणी वाघजाई तालुक्यात घेतली होती."

ओवीबाईंनी कपाळावर हात मारला. वाघजाई तालुक्यातून त्यांना अर्धी वकिली मिळत असे. तिथं बांधाचे दावे आजोबा दाखल करत आणि नातू तारखेला जात. औषध न घेता तिथला माणूस कुणाला क्षमा करतो, असं सरकारदप्तरी एकही उदाहरण नव्हतं.

"दुसरा तालुका मिळाला नाही?"

"हाच जवळ होता. गाडी संध्याकाळी परत यायची."

"बरं. तुमचं सगळं खरं मानू. माझा नकार लिहून घ्या आणि मला मोकळं करा."

"घेता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "मागच्या साली वरच्या कोर्टाचा निकाल झाला. वकीलसाहेब, तुम्ही वाचला असेल. जिवाच्या प्रश्नावर बंद मनानं दिलेला होकारही ग्राह्य नाही आणि नकारही नाही. आधी खिडकी घ्यावी लागते. म्हणजे उतारा देऊन बांधबंदी तात्पुरती उठवायची, पंधरवडाभर मन उघडं ठेवायचं आणि मग विचारायचं. तोवर प्रकरण प्रलंबित."

"प्रलंबित!" हा शब्द ओवीबाई पक्षकारांना रोज ऐकवत. त्यांना तो कुणी पहिल्यांदाच ऐकवला होता. "म्हणजे ताई वर जाणार ती मी नाही म्हटलं म्हणून नव्हे, तारीख पडली म्हणून?"

"तसंच काहीसं."

निरंजन हळूच म्हणाले, "ओवी, तुम्ही खिडकी घेऊ नका. तुम्हालाही गाठ आहे."

"हरभऱ्याएवढी," डॉक्टरांनी सांगितलं. "डाव्या स्तनात. पंधरवड्यात बहुधा हलणार नाही. पण तुकडा द्यायचा झाला तर बरणीतल्या यकृताला तुमचंच उघडं रक्त लागणार, महिना-सव्वा महिना. बंदी असलेल्या रक्तात ते वाढत नाही. तेवढ्या काळात काय होईल, सांगता येत नाही."

"तुकड्याचा प्रश्नच नाही. मला फक्त नाही म्हणायचंय, कायद्यात बसेल असं. अपिलात टिकेल असं." ओवीबाईंनी बाही वर केली. "टोचा उतारा."

"तुम्ही आत्ता आहात तशा राहाल असं नाही."

"डॉक्टर, माझा राग माझा आहे. मी तो बारा वर्षं स्वतःच्या हिमतीवर जोपासलाय. तुमच्या औषधाच्या जिवावर नाही."

जाताना त्यांनी निरंजनांना निरोप दिला, "ताईला सांगा, पंधरा दिवस तग धर. स्वतः येऊन नाही म्हणणार आहे."

*

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. ओवीबाई रोज सकाळी चहा घेताना मनातल्या मनात उजळणी करत. मी घाटात अडकले होते, तीन वेळा फोन केला. राग जागच्या जागी होता. त्यांना विजय झाल्यासारखं वाटलं.

मग एके दिवशी आंघोळ करताना डिंकपट्टी गळून पडली आणि तिच्याखाली चीर नव्हती. गुलाबी रेघ होती. त्यांनी ती दाबली. ती काही बोलली नाही.

त्यानंतर गोष्टी बिघडत गेल्या. कोर्टात विरुद्ध बाजूच्या म्हाताऱ्याची उलटतपासणी घेताना त्यांच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याचा सदरा उलटा आहे, आणि त्यांनी तारीख मागून घेतली. घरी आल्यावर उजळणी करायला बसल्या तर 'ताईनं ताट उचललं' या वाक्यापाशी त्यांना ताट दिसू लागलं. आतापर्यंत नुसतं वाक्य होतं. आता ताईचे ताणलेले हात दिसले, कारण एक्क्याऐंशी दिव्यांचं पितळी ताट एकटीला पेलत नव्हतं. उजव्या बाजूला, जिथं आपण धरायचं होतं, तिथं ते कललं होतं. हे त्यांनी फोटोत पाहिलं होतं. फोटोग्राफरचा तेवढा एक उपयोग झाला होता. बारा वर्षं तो फोटो त्या पुरावा म्हणून बघत आल्या होत्या.

त्या उठल्या आणि डॉक्टरांना फोन लावला.

"माझी चोरी झालीय," त्या ओरडल्या.

"काय गेलं?"

"तुम्हाला चांगलं माहितेय काय गेलं! बारा वर्षांची माझी कमाई. कुठंच सापडेना. मी आठवते, सगळं आठवतं, पण ते नुसतं झालेलं आहे. म्हणजे मी बारा वर्षं कोण होते?"

"तुम्हीच."

"आणि आत्ता कोण बोलतंय?"

"तेही तुम्हीच. मला विचाराल तर दोघींतली खरी कोणती, याची तपासणी अजून निघालेली नाही. कोर्ट म्हणतं, उघडी ती खरी."

"कोर्टाला काय कळतं!" वकील ओवी सरदेसाई म्हणाल्या. आणि मग, "तुकडा कधी घेता?"

"हा होकार समजू?"

"रागानं म्हणतेय. पण तुमच्यावरच्या. चालेल का कायद्यात?"

"चालेल."

*

बरणी केंद्राच्या तळमजल्यावर होती. तीत ओवीबाईंचं यकृत वाढत होतं आणि एका नळीतून त्यांचंच रक्त त्याला पोचत होतं. त्या रोज दुपारी येऊन शेजारच्या खाटेवर पडत. पहिल्या आठवड्यात तुकडा सुपारीएवढा होता, मग पेरूएवढा. "लोणचं मुरतंय का?" असं त्या नर्सला विचारत. शाल्मली दोन मजले वर होती. ती खाली आली नाही, आणि तिला आणण्याचं धाडस कुणी केलं नाही.

मधल्या काळात ओवीबाईंनी डॉक्टरांना एकदा विचारलं, "तुम्ही का नाही खिडकी घेत? तुमचं कुणाशी आहे?"

"देशपांडे. माझ्याबरोबर संशोधनाला होता. शोधनिबंधात माझं नाव तळटीपेत घातलं."

"किती वर्षं झाली?"

"सव्वीस."

"मग घ्या की खिडकी."

"छे," डॉक्टर दचकून म्हणाले. "मग मी काम कशासाठी करू?"

ऑपरेशन चांगलं झालं. शाल्मलीबाईंचं जुनं यकृत काढलं, नवं बसवलं, डिंकाने जोडलं. त्यांना खिडकी देणं शक्यच नव्हतं. गाठीचे दोन-चार कण कुठंतरी उरलेच असणार, आणि ते एक दिवसही मोकळे सोडले तर सगळं मुसळ केरात. त्या जन्मभर बंदच राहायच्या होत्या. आणि जगायच्या होत्या.

आठवड्याने ओवीबाईंची तपासणी झाली. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. हरभऱ्याची कड आता गुळगुळीत नव्हती.

"कोरायला लागलीय," ते म्हणाले. "अजून बाहेर पडलेली नाही. आत्ताच्या आत्ता बांधबंदी देतो. उद्या नको. आज."

"द्या की. माझं काम झालं."

"एक सांगायचं राहिलं. इंजेक्शन टोचताना मनात जे असेल ते घट्ट होतं. ताजी आठवण सर्वांत घट्ट. पहिल्यांदा अठराव्या वर्षी टोचतात, तेव्हा मुलं बहुतेक परीक्षेच्या काळजीत असतात. बघताय ना देश कसा चाललाय तो. म्हणून आधी जरा शांत बसा. चांगलं काहीतरी आठवा."

"मी छान आहे. ताट आठवते. दोघींनी धरलेलं." ओवीबाई उठल्या. "पाच मिनिटांत आले. वर जाऊन 'येते' म्हणते."

"कशाला?"

"अहो, आजारी माणसाच्या दारावरून न सांगता जायचं? आमच्याकडे पद्धत नाही."

डॉक्टर विज्ञानाचे माणूस असले तरी त्यांच्याकडेही तशी पद्धत नव्हती. त्यांनी जाऊ दिलं. पुढे अहवाल लिहिताना या पाच मिनिटांना काय नाव द्यावं, हे त्यांना सुचलं नाही.

शाल्मलीबाई उशांना टेकून बसल्या होत्या. निरंजन मोसंब्याचा रस गाळत होते. धाकट्या बहिणीला दारात बघून शाल्मलीबाईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आलीस? आज वेळेवर आलीस."

"येते म्हणायला आलेय, ताई. बरं वाटतंय ना?"

"मला काय होतंय. तू यकृत दिलंस म्हणून ते फिटलं, असं समजू नकोस."

ओवी हसली. अगदी मनापासून. बारा वर्षांनी ताईचा आवाज ऐकून तिला बरंच वाटत होतं. "नाही समजत. तुला राग राहणार, मला सांगितलंय डॉक्टरांनी. असू दे. मी तेव्हा फोटोग्राफरचं बोलले ते चुकलंच माझं. ताट तुला एकटीला जड झालं होतं."

मघापासून ताठ बसलेल्या शाल्मलीबाईंना हे अनपेक्षित होतं. भांडणाला उत्तर मिळालं नाही की बंद मनाचा माणूस कासावीस होतो. जिन्यात पुढची पायरीच नसावी तसा. त्यांनी हाताला लागेल ते फेकलं.

"आईनं शेवटी तुझं नाव नाही काढलं," त्या म्हणाल्या. "सहा महिने अंथरुणावर होती. सगळ्यांची आठवण काढली. दूधवाल्याची काढली. तुझं नाव नाही घेतलं एकदाही."

गाळणी निरंजनांच्या हातातून भांड्यात पडली.

ओवी बाहेर पडली. तिने दार नीट लावून घेतलं.

खाली डॉक्टर सुई भरून तयार होते. तिचा चेहरा बघून त्यांनी हात मागे घेतला.

"काय झालं?"

तिने सांगितलं. सांगताना ती अडखळत होती, शब्द बदलत होती, पुन्हा सुरुवात करत होती. उघडं मन असंच बोलतं.

"आत्ता टोचलं," तिने विचारलं, "तर हे राहील?"

"राहील."

"कायमचं? हे असं? शब्दासकट?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि नाही टोचलं तर जाईल?"

"जाईल. उघडं मन आहे. चार दिवस, आठ दिवस. बोथट होईल, मग जुनं होईल. पण ओवीबाई, गाठ चार दिवस थांबणार नाही. तीही कोरतेय. तुमचं दुःख कोरायला जी कात्री लागते तीच तिला लागते. एकीला चालू ठेवून दुसरीला बंद ठेवता येत नाही. तेवढं आम्हाला जमलेलं नाही."

"मला बारा वर्षांचा अनुभव आहे," ओवीबाई म्हणाल्या. "बंद राहून जगायचा. त्यात तेव्हा निदान ताईवर राग होता. हे आईचं आहे. हे घेऊन मी तीस वर्षं रोज सकाळी चहा प्यायचा?"

"जिवंत राहाल."

"राहीन ना. तुमच्या जखमा राहतात तशी." त्यांनी बाही खाली केली. "आज नको. तारीख द्या."

डॉक्टर भांडले. त्यांनी पडदा पुन्हा पुन्हा दाखवला, आवाज चढवला, शेवटी बाई मूर्ख आहात असंही म्हणाले. ओवीबाईंनी ऐकून घेतलं. उलटतपासणी घेतली नाही.

पाचव्या दिवशी त्या स्वतःहून आल्या. चेहरा निवळला होता. "आता टोचा," त्या म्हणाल्या. "काल सुपारी फोडताना आठवलं, आई मला हाक मारताना आधी ताईचं नाव घ्यायची, मग जीभ चावायची. नेहमीच. तिनं नाव नसेल घेतलं, तरी घेतल्यासारखंच आहे. आता दुखत नाही. टोचा."

डॉक्टरांनी टोचलं. आधी पडदा पाहिला होता, पण काही बोलले नाहीत. फुप्फुसात, पाठीच्या मणक्यात आणि यकृताच्या उरलेल्या भागात बारीक ठिपके होते, मोहरी सांडल्यासारखे. प्रत्येक ठिपका आता जागच्या जागी राहणार होता आणि जागच्या जागी वाढणार होता.

पावसाळा संपता संपता ओवी सरदेसाई गेल्या. सांगलीत कित्येक वर्षांनी कॅन्सरने माणूस गेलं, म्हणून बातमी मोठी आली. मन मात्र शेवटपर्यंत शांत होतं. ते तसंच घट्ट झालं होतं. विरुद्ध बाजूचे वकीलही भेटायला येऊन गेले आणि बाहेर पडल्यावर, बाई पूर्वीच्या राहिल्या नाहीत, म्हणून हळहळले.

*

दिवाळीनंतर शाल्मलीबाई तपासणीला आल्या. निरंजन बाहेर बाकावर बसले. हल्ली ते बायकोशी कामापुरतंच बोलत. तेही बंद मनाचेच होते आणि त्यांच्याही मनात एक वाक्य घट्ट झालं होतं, भांड्यात पडलेल्या गाळणीसकट.

डॉक्टरांनी यकृत तपासलं. कुठं खोट नव्हती. त्यांनी तसं सांगितलं. मग, विचारायचं नाही असं ठरवलेलं असूनही, त्यांनी विचारलं.

"आई शेवटी त्यांचं नाव घेत नव्हत्या?"

"कुणाचं, ओवीचं?" शाल्मलीबाईंनी पदर सावरला. "रोज घ्यायची. सकाळी डोळे उघडले की ओवी. मी समोर पातेलं घेऊन उभी, आणि ओवी आली का?"

"मग तुम्ही तसं का म्हणालात?"

"मला ठाऊक आहे मी काय केलं ते. मला सगळं ठाऊक आहे, डॉक्टर. तिनं यकृत दिलं, ती माझ्यामुळे गेली. रात्रंदिवस मी ते स्वतःला सांगते. पाठ केलंय. पण ते वरवर राहतं. आत उतरतच नाही, आत जागाच नाही. आत ते दुसरं आहे." त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला, जिथं डिंकाची जाड रेघ होती. "रडू येईल म्हणून तेराव्याला मुद्दाम पुढे बसले. नाही आलं. हे जाईल का हो कधी?"

"तुम्हाला खिडकी देता येत नाही."

"मग किती दिवस असं?"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. इतकं निरोगी यकृत त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"चाळीस वर्षं तरी जाईल," ते म्हणाले.

शाल्मलीबाईंनी मान डोलावली. पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या, आणि तिथून वळून, डॉक्टरांना नव्हे, कुणालाच नव्हे, अशा सांगू लागल्या.

"ती उशिरा आली. मुहूर्त टळत होता. दिव्यांतलं तूप संपत आलं होतं."

पुढचं वाक्य डॉक्टरांना पाठ होतं.